फ्लोरिडातलं पहिलं हरिकेन : नव्यानं आलेल्या मराठी घरासाठी

टॅम्पाच्या आसपास नव्यानं राहायला आलेलं मराठी कुटुंब भेटलं की मी एक प्रश्न हमखास विचारतो : "तुमचा झोन कोणता?" नव्वद टक्के लोकांना वाटतं मी शाळेचा झोन विचारतोय. शाळेचं रेटिंग तोंडपाठ असतं, पण आपलं घर कुठल्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये, म्हणजे वादळात घर कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या पट्ट्यात आहे, हे घर घेतानाही कुणी बघितलेलं नसतं. मीही बघितलं नव्हतं.

हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच. अटलांटिकात त्याला हरिकेन म्हणतात, अरबी समुद्रात सायक्लोन. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा ज्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, त्यांना वारा काय करतो हे सांगायला नको. इथे मात्र वाऱ्याआधी पाण्याचा विचार करायला शिका. अमेरिकेत हरिकेनमध्ये थेट जीव जातात ते बहुतांशी पाण्यानं, म्हणजे समुद्रातून आत घुसणाऱ्या लाटेनं नाहीतर पावसाच्या पुरानं.

मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ऐन भर १० सप्टेंबरच्या आसपास. गणपती, पितृपक्ष, नवरात्र सगळं त्यातच येतं. २०१७ मध्ये गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती आणि त्याच रात्री 'हार्वी' टेक्ससच्या किनाऱ्याला धडकलं. २०२४ चं 'मिल्टन' नवरात्रात आलं. मंडळाच्या कार्यक्रमासाठी हॉल घेताना पैसे परत मिळण्याची अट वाचून घ्या, एवढं जाता जाता सांगतो.

पहिली पायरी : झोनचं अक्षर

आपल्या काउंटीच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाका. ए, बी, सी, डी, ई यांपैकी एक अक्षर येईल किंवा 'झोनमध्ये नाही' असं येईल. ए म्हणजे सगळ्यात आधी घर सोडायचं. हे अक्षर फ्रिजवर चिकटवा.

इथे एक घोळ जवळजवळ प्रत्येक जण करतो. घराच्या कागदपत्रांत 'फ्लड झोन एक्स' असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो विम्याचा आणि कर्जाचा नकाशा. इव्हॅक्युएशन झोन समुद्राच्या लाटेवरून ठरतो. दोन्ही वेगळे आहेत. फ्लड झोन 'एक्स' आणि इव्हॅक्युएशन झोन 'बी' असं घर असू शकतं, आणि लोक त्यातला आवडेल तोच नकाशा लक्षात ठेवतात.

इथले आपत्ती विभागाचे लोक एकच गोष्ट सांगतात : पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. तुमच्या झोनला घर सोडायचा आदेश आला, तर जायचं. झोनमध्ये नसाल आणि घर २००२ नंतरचं, म्हणजे राज्याचा नवा बांधकाम कोड लागू झाल्यानंतरचं असेल, तर बहुधा घरीच राहणं शहाणपणाचं. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात राहत असाल, तर झोन कुठलाही असो, बाहेर पडायचं.

आता 'कॅटेगरी'बद्दल. भारतातले नातेवाईक टीव्हीवर "कॅटेगरी फोर!" ऐकून घाबरतात आणि इथले जुने लोक "हट, फक्त वन आहे" म्हणून गाफील राहतात. हा आकडा फक्त वाऱ्याचा आहे : ताशी ७४ मैलांपासून एक, १११ पासून तीन, १५७ पासून पाच. पाणी किती येईल हे तो सांगत नाही. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री 'हेलिन' टॅम्पापासून शंभराहून अधिक मैल दूर समुद्रातून वर गेलं आणि दूर उत्तरेला बिग बेंड भागात जमिनीवर आलं. तरी टॅम्पा बेमध्ये पाण्यानं जुने उच्चांक मोडले आणि किनाऱ्यालगतच्या वस्त्यांमध्ये घराघरांत खारं पाणी शिरलं. तेरा दिवसांनी 'मिल्टन' आलं. सगळे पाण्याच्या धास्तीनं पळाले, पण केंद्र दक्षिणेला सिएस्टा कीजवळ जमिनीवर आल्यामुळे वाऱ्यानं टॅम्पा बेमधलं पाणी उलट समुद्राकडे ढकललं. त्या रात्री सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून अधिक पाऊस झाला आणि ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं छप्पर फाटलं. वीस-पंचवीस मैलांच्या फरकानं सगळं चित्र पालटतं.

ऐन वेळी होत नाहीत अशी कामं

ही मे महिन्यात करायची. वादळाला नाव मिळाल्यावर यातली निम्मी करताच येत नाहीत.

घराचा साधा विमा पुराचं पाणी धरत नाही. भाडेकरूचा विमाही धरत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेतला विमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. त्यात इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख. भाडेकरूला फक्त सामानाचा घेता येतो, तो स्वस्त पडतो. तळमजल्यावर राहत असाल तर घ्याच.

घराच्या विम्यात 'हरिकेन डिडक्टिबल' वेगळं लिहिलेलं असतं आणि बहुधा टक्क्यांत असतं. चार लाखांचं घर आणि दोन टक्के म्हणजे पहिले ८,००० डॉलर तुमच्या खिशातून. गाडीच्या विम्यात 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' भाग नसेल तर बुडालेल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. पैसे वाचवायला आपण नेमका तोच काढून टाकलेला असतो. वादळ जवळ आलं की कंपन्या नवे विमे आणि बदल बंद करतात.

मग कागदपत्रं. इथल्या मार्गदर्शिकांत जन्मदाखला आणि सोशल सिक्युरिटी कार्ड लिहिलेलं असतं. आपल्याला त्यापुढे बरंच काही लागतं : सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसाचं पान, आय-७९७ (व्हिसा अर्ज मंजुरीची नोटीस), आय-९४ (देशात आल्याची नोंद) ची प्रत, विद्यार्थी असेल तर आय-२० (कॉलेजनं दिलेला व्हिसाचा कागद), ईएडी कार्ड (कामाचा परवाना), लग्नाचा दाखला, मुलांची ओसीआय कार्डं (परदेशी नागरिकत्वाच्या भारतीयांची). मूळ प्रती झिपच्या दोन पिशव्यांत, एकीत दुसरी. स्कॅन करून क्लाउडवर, आणि एक प्रत पुण्या-नागपूरच्या भावाकडे. आय-७९७ भिजून लगदा झालं तर दुसरं मिळायला किती महिने जातात हे वेगळं सांगायला नको.

एकदा मोबाइलवर घरभर फिरून व्हिडिओ काढा. कपाटं उघडून, टीव्हीच्या मागचा नंबर दिसेल असा. दहा मिनिटांचं काम आहे, पुढे विमा कंपनीशी बोलताना त्याची किंमत कळते.

हवामान खात्याची भाषा

मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचं पत्रक दिवसातून चार वेळा निघतं : पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा. किनाऱ्याला इशारा लागू झाला की मधल्या वेळेलाही निघतं. पत्रक वाचा, टीव्ही कमी बघा. रात्री अकराचं पत्रक भारतात सकाळी साडेआठला पोचतं, त्यामुळे आईचा फोन नेमका तुम्ही झोपायला जाताना येतो.

'वॉच' म्हणजे धोका शक्य आहे. वादळी वारे सुरू होण्याच्या साधारण ४८ तास आधी तो लागतो. 'वॉर्निंग' म्हणजे धोका येणारच असं धरा, ती साधारण ३६ तास आधी. लाटेसाठी 'स्टॉर्म सर्ज वॉर्निंग' वेगळी असते आणि किनाऱ्याजवळच्यांसाठी तीच जास्त महत्त्वाची.

नकाशावरचा तो पांढरा शंकू म्हणजे वादळाचं केंद्र कुठून जाईल याचा अंदाज. तीनपैकी साधारण दोनदा केंद्र त्याच्या आत राहतं, म्हणजे एकदा बाहेर जातं. आणि वादळ शंकूपेक्षा कितीतरी मोठं असू शकतं. २०२२ मध्ये 'इयन' टॅम्पावर येणार म्हणून आम्ही सगळे धडधडत होतो. ते शेवटी २८ सप्टेंबरला दक्षिणेला कायो कोस्टावर उतरलं आणि फोर्ट मायर्स बीच उद्ध्वस्त झालं. शंकूच्या मधल्या रेषेवर बोट ठेवून "आपण वाचलो" म्हणू नका.

घरात काय भरायचं

पाणी : माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि सात दिवसांचं. चार माणसांना २८ गॅलन. बाटल्यांची पेटी मिळाली नाही म्हणून दुकानात भांडू नका, नळाला पाणी आहे तोवर घरातले सगळे डबे, कुकर, पातेली भरून ठेवा. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, आपण पिंप भरणाऱ्यांची पोरं आहोत. बाथटबही भरा, ते फ्लशसाठी.

खाणं : बहुतेक घरांत शेगडी विजेची असते. वीज गेली की पोळी-भाजी संपली. इथली यादी वाचून ट्यूनाचे आणि बीन्सचे डबे आणाल, पण तिसऱ्या दिवशी मुलं ते बघून रडतात. आमच्याकडे वादळाआधी आदल्या रात्री दुधात भिजवलेल्या दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या होतात, त्या दोन-तीन दिवस जातात. शेंगदाण्याची चटणी, लोणचं, भडंग, लाडू. सातूचं पीठ तर या कामासाठीच जन्माला आलंय, पाणी आणि गूळ घातला की झालं. पातळ पोहे नारळाच्या किंवा साध्या पाण्यानं ओलवून दडपे पोहे होतात. दुधाची पावडर ठेवा. डबे आणलेच तर हातानं चालणारा ओपनर आणा. माझ्याकडे पहिल्या वर्षी बावीस डबे होते आणि ओपनर विजेचा होता.

कॅम्पिंगची शेगडी, कोळशाची शेगडी, जनरेटर यांतलं काहीही घरात किंवा गॅरेजमध्ये लावू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वादळ गेल्यावर मरणाऱ्यांत दरवेळी असे लोक असतात. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, धूर खिडकीकडे येणार नाही असा. आपल्याकडच्या इन्व्हर्टरसारख्या बॅटरीच्या पेट्या इथे मिळतात. फोन, पंखा आणि एखादा दिवा चालवायला ती पेटी जनरेटरपेक्षा सुटसुटीत.

फ्रिज बंद ठेवला तर चार तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. म्हणून आधीच पाण्याच्या बाटल्या गोठवून रिकाम्या जागा भरा. एका पेल्यात पाणी गोठवून वर नाणं ठेवा. घर सोडून गेलात आणि परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळलं होतं असं समजा आणि पनीर-मोदकांचा मोह सोडा.

रोख पैसे ठेवा, तेही सुट्ट्या नोटांत. वीज नाही म्हणजे कार्ड नाही.

आई-बाबा आलेले असतील तर

हा भाग थोडा लांबवतो, कारण मोसमात निम्म्या घरांत आजी-आजोबा असतात.

त्यांची औषधं भारतातून सहा महिन्यांची आणलेली असतात आणि त्यावर भारतातले ब्रँड. ते इथल्या डॉक्टरला कळत नाहीत. कागदावर औषधातल्या मूळ घटकाचं नाव आणि मात्रा इंग्रजीत लिहा : अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन वगैरे. तो कागद त्यांच्या पासपोर्टात ठेवा, व्हिजिटर विम्याच्या कार्डासोबत. इन्सुलिन असेल तर बहुतेक प्रकार ८६ अंश फॅरेनहाइटच्या आत साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतात, तुमच्या प्रकाराचा कागद आजच वाचून ठेवा. बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं. इथली प्रिस्क्रिप्शनं असतील तर आणीबाणी जाहीर झाल्यावर फ्लोरिडातल्या कायद्यानं महिन्याभराचं औषध मुदतीआधी भरून मिळतं.

ऑक्सिजन किंवा विजेवर चालणारं उपकरण लागत असेल, तर काउंटीच्या विशेष निवाऱ्यासाठी मोसमाआधी नोंदणी करा.

आणि त्यांना सगळं आधी मराठीत नीट सांगा. रात्री दोनला घरातले सगळे फोन एकदम कर्कश वाजले की म्हातारी माणसं दचकतात. तो टोर्नेडोचा, म्हणजे जमिनीवरून फिरत जाणाऱ्या वावटळीचा इशारा असतो. मिल्टनच्या वेळी फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर माणसं गेली ती टोर्नेडोंनी, मुख्य वादळ तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी.

जायचं असेल तर

जवळ जा. शेकडो मैल नाही, दहा-वीस-तीस मैल, पाण्यापासून दूर आणि उंच. 'इर्मा' हरिकेनच्या वेळी, सप्टेंबर २०१७ मध्ये, फ्लोरिडात साठ लाखांहून अधिक लोकांना घर सोडायला सांगितलं होतं. आम्ही अटलांटाला निघालो. सात तासांच्या रस्त्याला अठरा तास लागले, वाटेत पेट्रोल नाही, स्वच्छतागृहाबाहेर रांगा. आणि दोन दिवसांनी तेच वादळ मागोमाग अटलांटाला आलं.

त्यापेक्षा लेकलंडला किंवा ब्रँडनच्या झोनबाहेरच्या भागात एखादं मराठी घर आधीच ठरवा. संकोच करू नका, मे महिन्यात सरळ विचारा : "वेळ आली तर आम्ही चौघं तुमच्याकडे येऊ का?" आपल्याकडे नाही कुणी म्हणत नाही. जाताना पाणी, अंथरुणं आणि दशम्या घेऊन जा.

कुणीच नसेल तर काउंटीचे निवारे असतात, बहुधा शाळांमध्ये. फुकट आणि सगळ्यांना खुले. पण तिथे छप्पर मिळतं, गादी नाही. चादरी, खाणं, औषधं आपली.

टॅम्पाशेजारच्या पिनेलास काउंटीत राहणाऱ्यांसाठी खास : तुमचे बहुतेक रस्ते पुलांवरून जातात आणि वारा ताशी ४० मैलांच्या आसपास सतत वाहू लागला की पूल बंद करतात. त्याच सुमाराला रुग्णवाहिकाही बाहेर पडणं थांबवते. आदेश आला की त्याच दिवशी उजेडात निघा. गाडीची टाकी मोसमभर अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. विजेची गाडी मागे ठेवणार असाल तर उंचावर ठेवा, खारं पाणी बॅटरीत गेलं की ती नंतर पेट घेऊ शकते. गॅरेजमध्ये तर नकोच.

राहायचं असेल तर

अंगणातलं, बाल्कनीतलं सगळं आत. खुर्च्या, सायकली, तुळशीची कुंडी. ताशी शंभर मैलांच्या वाऱ्यात कुंडी म्हणजे तोफगोळा. पोहण्याचा तलाव रिकामा करू नका, जमिनीतलं पाणी वाढलं की रिकामी टाकी खालून वर उचलली जाते.

खिडक्यांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारणं विसरा, त्यानं काही होत नाही, फक्त काचेचे तुकडे मोठे होतात. शटर लावा, नाहीतर किमान पाच-अष्टमांश इंच जाडीचा प्लायवूड स्क्रूनं बसवा. भाड्याच्या घरात हे कोण करणार ते मालकाला आधीच विचारा. गॅरेजचं मोठं दार घराची सगळ्यात कमजोर जागा, ते आत ढकललं गेलं की वारा छप्पर वर उचलतो.

घरात बिनखिडकीची एक खोली ठरवा. बहुधा कपाटाची खोली किंवा आतलं बाथरूम. तिथे बूट (अनवाणी राहू नका, काचा असतात), टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, चार्ज केलेले फोन, मुलांना खेळायला पत्ते. मेणबत्त्या नकोत.

मध्यरात्री वारा अचानक थांबला आणि चांदणं दिसलं, तर बाहेर जाऊ नका. तो डोळा असतो. थोड्याच वेळात उलट्या दिशेनं वारा पुन्हा सुरू होतो, आणि आधी एका बाजूला वाकलेली झाडं दुसरीकडे पडतात.

भारतातला किंवा वादळाबाहेरचा एक माणूस ठरवा. सगळ्यांनी त्यालाच मेसेज पाठवायचा, फोन नाही. मेसेज कमी नेटवर्कवरही जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सतरा गटांना तोच कळवील.

दुसऱ्या दिवशी

साचलेल्या पाण्यात चालू नका, गाडी घालू नका. वाहतं सहा इंच पाणी मोठ्या माणसाला पाडतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. खाली पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असं समजा. सिग्नल बंद असेल तर तो चारी बाजूंनी थांबण्याचा चौक असतो. आपल्या सवयीनं घुसू नका.

घरात पाणी आलं असेल तर पुसण्याआधी फोटो. भिंतीवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे तिथे मोजपट्टी धरून काढा. मग मात्र लगेच उपसा, कारण २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. दारावर येऊन "छप्पर करून देतो, फक्त इथे सही करा" म्हणणाऱ्याला सही देऊ नका. पाणी उकळून प्या असं पत्रक आलं तर पूर्ण उकळी आल्यावर एक मिनिट.

फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती विभागाच्या रोख मदतीबद्दल आपल्यात बराच गैरसमज आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला स्वतःच्या नावानं ती मिळत नाही, पण घरात अमेरिकन नागरिक असलेलं अल्पवयीन मूल असेल तर आई-वडील त्याच्या वतीनं अर्ज करू शकतात, असा नियम राहिलेला आहे. अर्ज करताना त्या वेळचा नियम बघून घ्या. निवारा, जेवण, पाणी अशी तातडीची मदत मात्र व्हिसा न विचारता मिळते.

आणि वादळ आलंच नाही, तर १ डिसेंबरला साठा मोडायला काढा. छोल्यांचे डबे उसळीत जातात, बाटल्यांतलं पाणी झाडांना. सातूचं पीठ उन्हाळ्यापर्यंत ठेवू नका, कीड लागते.